डिहायड्रेटरमध्ये सुकवलं, डब्यात भरलं, तरी बुरशी आली? मग हे बघा

नमस्कार मंडळी! आज खरं तर आवळ्याचा व्हिडिओ करणार होते, आवळे आणूनही ठेवलेत. पण केळ्याच्या चकत्यांच्या व्हिडिओखाली एकच तक्रार इतक्या वेळा आली की आवळे राहिले बाजूला. "ताई, मस्त कडक झाल्या होत्या, डब्यात भरल्या, पंधरा दिवसांत बुरशी." कोणी डिहायड्रेटरला, म्हणजे गरम हवेने सुकवणाऱ्या मशीनला, नावं ठेवतंय, कोणी मला.

आधीचं भराभर सांगते, ते तुम्हाला येतंच. चकत्या पाच मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दहा रुपयांची तीन नाणी एकावर एक ठेवली की होतात तेवढ्या जाड. सगळ्या सारख्या. केळं, सफरचंद काळं पडतं, ते लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढायचं. गाजर, फरसबी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग फडक्यावर कोरडी करून ट्रेवर. कांदा, टोमॅटोला ही भानगड नाही. तापमान 57 अंशांच्या जवळपास, मेथी-कोथिंबिरीला 40 पुरे. झालं.

आता ते "70 वर ठेवलं तर लवकर होईल ना?" होईल की, वरून होईल! बाहेरची बाजू ताठ होते आणि आतलं पाणी आतच कोंडतं. हाताला कडक, पोटात ओलं. वसईची सुकेळी खाल्लीत का कधी? सोललेलं राजेळी केळं, दिवसच्या दिवस उन्हात. तिथे कोणी घाई करत नाही, म्हणून ते आतपर्यंत सुकतं. आणि आपल्याला सकाळी लावून दुपारच्या चहाला चकत्या हव्यात.

बरं, 57 वरच ठेवलं तरी बुरशी आली, असंही बऱ्याच जणांनी लिहिलंय. त्यांच्यासाठीच हा व्हिडिओ आहे. मशीनमधून काढल्यावर तुम्ही काय केलंत? थेट डबा, घट्ट झाकण, वरच्या फळीवर. हो ना? चुकलं ते इथे.

मीही हेच केलं होतं. पहिल्या वर्षी दोन डझन केळी, चार तास उभं राहून कापली, आणि स्टीलच्या डब्यात भरून टाकली. बाराव्या दिवशी नणंद आली म्हणून कौतुकाने डबा उघडला. आत पांढरा कापूस! सगळ्या चकत्यांवर नाही हं, मधल्या सात-आठ चकत्यांवर. पण टाकावा लागला अख्खा डबा.

असं का होतं? ट्रेवरचा प्रत्येक तुकडा सारखा सुकत नाही. पंख्याजवळचा खडखडीत, कोपऱ्यातला जरा दमट, जाड कापला गेलेला आणखी दमट. तो एक ओला तुकडा पुरतो. म्हणून मशीननंतर एक आठवडा बरणीचा. काचेची बरणी, दोन-तृतीयांशच भरायची, झाकण लावायचं आणि रोज एकदा हलवायची. सात ते दहा दिवस. ओल्या तुकड्यातलं पाणी कोरडे तुकडे वाटून घेतात. काचेवर आतून वाफ धरलेली दिसली की माल परत ट्रेवर. स्टीलच्या डब्यात तुम्हाला ती वाफ दिसणार कुठून?

सासूबाईंना हे सांगितलं तर हसल्या. आमसुलं भरली की त्या आठवडाभर रोज बरणीत हात घालून खालवर करायच्या. मी समजायचे, सवय आहे त्यांची.

"सिलिकाची पुडी टाकली तर?" नको! पुडी दमट हवा ओढेल, पण कोणता तुकडा आतून ओला राहिलाय ते तुम्हाला कळणारच नाही. आधी आठवडा काढा, मग टाका हव्या तेवढ्या पुड्या.

आणि सुकलंय का ते गरम असताना बघू नका. गरम तुकडा मऊच लागतो, मग आपण आणखी तीन तास लावतो आणि दगड होतो. एक तुकडा बाहेर काढा, पाच मिनिटं गार होऊ द्या, मोडा, मोडलेल्या जागी दाबा. पाण्याचा थेंब दिसता कामा नये. भरतानाही तेच. गरम भरलं की बरणीला घाम फुटतो. पण गार करायला रात्रभर उघडंही ठेवू नका, विशेषतः पावसाळ्यात. सकाळी सगळं लुळं पडलेलं असतं.

पावसाळ्यावरून आठवलं. एक काका दर व्हिडिओखाली लिहितात, "आमच्या आईने गच्चीवर वाळवलं, मशीनचे चोचले कशाला?" काका, एप्रिल-मे महिन्यात मीही गच्चीवरच असते. कुरडया, सांडगे यासाठी मी वीज जाळत नाही. पण जुलैत? बाहेर 27 अंश आणि 90 टक्के दमटपणा असतो. तीच हवा 57 अंशांपर्यंत तापली की तिचा दमटपणा वीस टक्क्यांच्या आत येतो. मशीन एवढंच करतं. माझं 400 वॉटचं आहे, बारा तास चाललं तरी पाच युनिटांच्या आत. एक किलो टोमॅटोचे मात्र साठ-सत्तर ग्रॅमच उरतात, तेव्हा "कमी का झालं" असं विचारू नका. ते सगळं पाणीच होतं.

(बरणी कॅमेऱ्याजवळ धरून) ही बघा, काल संध्याकाळी भरलेली गाजरं. खालचा तुकडा मोडला तर कटकन मोडतोय. हाताला कोरडी, वासही छान. आता इथे, झाकणाच्या खाली बघा. दिसतंय? बारीक धुकं आहे. बोट फिरवलं की रेघ उमटते.

चला, ही परत ट्रेवर. आवळ्यांचं बघू पुढच्या रविवारी.