ह्यात माझे आजोबा कुठेत?

नमस्कार मंडळी. चहा गरम आहे तोवर आटपा, असं अध्यक्षांनी बजावलंय. मागच्या वर्षी माझ्या भाषणात वडे गार झाले होते, ते लोक अजून विसरलेले नाहीत. वडे विसरले असते, भाषणही विसरलेत, पण गार वडे नाही.

आज बोलणार आहे एका रशियन शिल्पकाराबद्दल. दाराकडे बघू नका. विषय माझ्या लेकीमुळे निघालाय.

यंदा आपल्या अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेतली श्रद्धांजलीची पानं माझ्याकडे आहेत. त्यात एक पान अप्पांचं. माझे वडील मागच्या श्रावणात सांगलीला गेले, तुम्हाला ठाऊक आहे. पान लिहिलं आणि मराठीचा सराव म्हणून लेकीला वाचायला दिलं. तेरा वर्षांची आहे. 'मनमिळाऊ', 'परोपकारी', 'सदा हसतमुख' असं अडखळत वाचलं, कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, ह्यात माझे आजोबा कुठेत?"

म्हटलं, हेच की. तर म्हणते, "आजोबा तर ओरडायचे. आणि तुझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हते ना?"

हे हिला कुणी सांगितलं, यावरून मी आवाज चढवला. स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजली. मग आतून उत्तर आलं, "खोटं काय बोलली ती? आणि ओरडण्याचं म्हणाल तर आत्ता कोण ओरडतंय?"

त्या रात्री झोप येईना, तेव्हा मला नोव्होदेविची आठवलं. २०११ साली ऑफिसच्या कामानं मॉस्कोला गेलो होतो. मॉस्को म्हणजे माझ्यासाठी 'सोविएत देश' हे रशियन नियतकालिक. अप्पा दर जूनला त्याच गुळगुळीत कागदाची कव्हरं घालायचे, कोपरे असे दुमडायचे की वर्षभर हलायची बिशाद नाही. भूगोलाच्या वहीवर धरण, गणिताच्या वहीवर ट्रॅक्टर. तर तिथल्या एका सहकाऱ्यानं मला नोव्होदेविचीच्या दफनभूमीत नेलं आणि सोविएत युनियनचे एकेकाळचे सर्वेसर्वा निकिता ख्रुश्चेव्ह यांच्या कबरीपुढे उभं केलं. पांढरा संगमरवर आणि काळा ग्रॅनाइट. नुसते शेजारी ठेवलेले नाहीत, एकमेकांत घुसलेले. पांढऱ्याच्या खोबणीत काळा, काळ्याच्या खोबणीत पांढरा, आणि मधल्या खणात ब्राँझचं डोकं. टकलासकट.

हे बनवणारा अर्न्स्ट नेइझ्वेस्त्नी. या आडनावाचा अर्थच 'अज्ञात'. १९२५चा जन्म, उरलकडच्या स्वेर्दलोव्स्कचा. महायुद्धात इतका जखमी झाला की मेला म्हणून धरला गेला, घरी आईला तसं कळवलं, मरणोत्तर पदकही जाहीर झालं. आणि हा जिवंत! पुढे इजिप्तमधल्या आस्वान धरणाजवळच्या स्मारकाची स्पर्धा जिंकला. स्पर्धेत नावं झाकलेली होती, म्हणून जिंकला असं म्हणतात. आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धेला हे लागू करून बघावं काय? असो.

१ डिसेंबर १९६२. मॉस्कोत मानेझच्या दालनात चित्रप्रदर्शन. ख्रुश्चेव्ह आले आणि भडकले. नव्या चित्रांना, शिल्पांना नको नको ते बोलले. देशाचा सर्वेसर्वा ओरडतोय, आणि हा गडी मान खाली न घालता उलट उत्तरं देतोय. शेवटी ख्रुश्चेव्ह त्याला म्हणाले की तुझ्यात एक देवदूत आहे आणि एक सैतान. देवदूत जिंकला तर मदत करू, सैतान जिंकला तर चिरडून टाकू. हे नेइझ्वेस्त्नीच नंतर सांगायचा.

ख्रुश्चेव्हची सत्ता १९६४ला गेली, १९७१ला ते वारले. क्रेमलिनच्या भिंतीपाशी, जिथे बड्या नेत्यांना पुरत, तिथे जागा मिळाली नाही. आणि कबरीचं काम घेऊन घरची माणसं गेली कुणाकडे? ह्याच्याकडे. त्यानं ते केलंही. काळ्या-पांढऱ्याला वरून मंजुरी मिळेना, तेव्हा ख्रुश्चेव्हच्या पत्नीनं पंतप्रधान कोसिगिन यांच्याकडे शब्द टाकला. १९७५ला दगड उभा राहिला. पुढच्याच वर्षी नेइझ्वेस्त्नीनं देश सोडला. शेवटी इथे न्यूयॉर्कला आला, २०१६ला इथेच गेला. त्याची आई कवयित्री होती. तिला मुलाकडे यायला १९८७ उजाडलं. आईवडिलांच्या व्हिसासाठी फॉर्म भरलेली मंडळी इथे बसली आहेत, त्यांना जास्त सांगायला नको.

देशाबाहेर गेल्यावर हा गप्प बसला असता तर चाललं असतं. पण १९९६ला सायबेरियाच्या पार पूर्वेला, मगदानला, त्याचा 'दुःखाचा मुखवटा' उभा राहिला. स्टालिनच्या काळात ह्याच बंदरातून कैद्यांना कोलिमाच्या सक्तमजुरीच्या छावण्यांत नेत. पंधरा मीटरचा काँक्रीटचा चेहरा. एका डोळ्यातून आसवं गळतात, आणि प्रत्येक आसू म्हणजे एक छोटा चेहरा. दुसऱ्या डोळ्याच्या जागी गजांची खिडकी. आत गेलं की कोठडी. बाहेर राहून माणूस गावाची आठवण अशीही काढतो.

आणि आपण? मी मंडळाच्या वीस वर्षांच्या स्मरणिका काढून बसलो. मंडळी, वीस वर्षांत आपल्यातला एकही चिडका माणूस वारलेला नाही. सगळे मनमिळाऊ. मग हे मंडळ दोनदा फुटलं, ते कुणी फोडलं?

अप्पा चिडायचे. आईचं ऑपरेशन होतं आणि मी इथून हललो नाही, तेव्हा दोन वर्षं फोनवर आले नाहीत. मी फोन केला की पलीकडे रिसीव्हर आईच्या हातात द्यायचा आवाज यायचा, बस्स. पण त्या दोन्ही दिवाळ्यांना पार्सल आलं. मांजरपाटात शिवलेलं, दाभणाचे टाके, आणि वर बॉलपेननं दोन-दोनदा गिरवलेला माझा पत्ता. अक्षर अप्पांचं. आत चिवडा, चिठ्ठी नाही.

हे पानात कसं घालायचं ते मला जमेना. आईला फोन करून विचारलं, "अप्पा चिडके होते असं लिहू का?" आई म्हणाली, "लिही. मग तू का आला नाहीस, तेही लिही." आणि भाजी करपतेय म्हणून फोन ठेवला.

मजकूर गुरुवारी छापखान्यात जायचाय. 'हसतमुख' खोडलं. 'चिडके' लिहिलं, तेही खोडलं. सध्या तिथे 'शिस्तप्रिय' आहे. लेकीनं त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली आहे. अर्थ अजून विचारलेला नाही.