मातीचे मस्तक : शिल्पकार हिम्मत शहा

पडद्यावर दिसणारे हे मस्तक भाजलेल्या मातीचे आहे. नाक, डोळे, ओठ त्यावर खुणेपुरतेच आहेत. बाकी पृष्ठभागभर खरवडल्याच्या रेघा आणि दाबून केलेले खळगे आहेत. हिम्मत शहा यांनी अशी मस्तके अनेक दशके घडवली, आणि ती कोणा विशिष्ट व्यक्तीची व्यक्तिशिल्पे नव्हेत. रेखाटन, कोलाज, मुद्राचित्रण (ठशावरून चित्र छापणे), भित्तिशिल्प अशा अनेक माध्यमांत रमलेल्या या कलावंताचा हात अखेर मातीवरच का बसला, याचा शोध आम्ही मराठवाड्यातून, तेर गावाच्या वाटेने घेत आहोत.

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेले तेर म्हणजे सातवाहनकालीन तगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत, तशाच केओलिन या पांढऱ्या मातीच्याही आहेत, आणि त्यांतल्या अनेक दुहेरी साच्यातून काढलेल्या, आतून पोकळ आहेत. याच तेरला गोरोबाकाका राहत. संतमंडळी त्यांच्या घरी जमली असताना हातातल्या थापटण्याने त्यांनी एकेकाच्या मस्तकावर थापटून पाहिले आणि नामदेवांचे मडके अजून कच्चे आहे असा निर्वाळा दिला, ही कथा मराठवाड्यात लहान मूलही सांगेल. नरसीचे नामदेव त्यानंतर गुरूच्या शोधात औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. माणसाचे मस्तक आणि भाजलेले भांडे यांना एकाच कसोटीला लावणारी ही परंपरा ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्यांना हिम्मत शहांची मस्तके परकी वाटण्याचे कारण नाही.

हिम्मत शहा यांचा जन्म १९३३ सालचा, गुजरातेतील लोथलचा, एका जैन व्यापारी कुटुंबातला. हडप्पा संस्कृतीचे हे बंदर तेव्हा जमिनीखालीच होते, पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन सुरू झाले ते १९५५ मध्ये, म्हणजे हिम्मत शहा विशीत आल्यावर. मुलाचे मन पेढीत रमेना, तो घर सोडून पळाला, आणि पुढे त्याला भावनगरच्या घरशाळेत घालण्यात आले. तिथे चित्रकार-शिक्षक जगुभाई शहा यांनी त्याच्या हातातली ओढ ओळखली. गावाकडच्या कितीतरी मुलांच्या नशिबी असा एक शिक्षक येत नाही, म्हणून ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये काही काळ शिकून ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेले. तिथे इंदूरहून आलेले मराठी चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांचा आणि के. जी. सुब्रमण्यन यांचा सहवास त्यांना लाभला. पुढे भावनगरच्या एका घराच्या क्रमांकावरून ‘ग्रुप १८९०’ हे नाव घेतलेला बारा कलावंतांचा गट उभा राहिला. त्यात जे. स्वामीनाथन, जेराम पटेल, गुलाममोहम्मद शेख होते, तसेच आपल्या अकोल्याचे अंबादासही होते. १९६३ मध्ये दिल्लीत भरलेल्या या गटाच्या एकमेव प्रदर्शनाचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले आणि त्याच्या पत्रिकेसाठी मेक्सिकोचे कवी ओक्ताव्हियो पास यांनी लिहिले. हिम्मत शहांनी तिथे मांडली ती कागद जाळून केलेली कोलाज. करपलेल्या कडा, भोके, काजळी हीच त्यांतली रेषा होती. विस्तवाला हाताशी धरून काम करण्याची सवय त्यांना अशी मातीच्या आधी, कागदावरच लागली होती, हे त्यांच्या पुढच्या वाटचालीकडे पाहताना विसरू नये.

फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी पॅरिसला मुद्राचित्रकार हेटर यांच्या ‘अतेलिए १७’ या कार्यशाळेत मुद्राचित्रणाचे काम केले. परतल्यावर, १९६७ ते १९७१ या काळात, अहमदाबादच्या सेंट झेव्हियर्स शाळेत त्यांनी वीट, सिमेंट आणि काँक्रीटची मोठी भित्तिशिल्पे उभारली.

नंतर दिल्लीतील ललित कला अकादमीच्या गढी स्टुडिओत त्यांनी वर्षानुवर्षे मातीतच काम केले. ही प्रक्रिया सावकाश पाहण्याजोगी आहे. माती पाण्यात कालवून दाट सायीसारखी पातळ केली जाते आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात ओतली जाते. प्लास्टर तिच्यातले पाणी शोषून घेते, त्यामुळे साच्याच्या आतल्या बाजूला मातीचा थर धरू लागतो. तो पुरेसा जाड झाला की उरलेली पातळ माती ओतून टाकतात, आणि थर आळला की साचा उघडतात. कारखान्यात याच पद्धतीने कपबशा आणि बरण्या निघतात, आणि तिथे प्रत्येक वस्तू हुबेहूब दुसरीसारखी निघावी हाच हेतू असतो. हिम्मत शहांनी हेतूच बदलला. साच्यातून निघालेला ओला, लवचिक आकार त्यांच्यासाठी फक्त सुरुवात असे. तो कापणे, दाबणे, दुसऱ्या आकाराला जोडणे, त्यावर कोरणे हे खरे काम नंतर सुरू होई. बाटलीसारख्या रोजच्या वापरातल्या वस्तूही त्यांनी अशाच मातीत आणल्या. कुठे त्यांनी मातीवर सोन्या-चांदीचा वर्खही चढवला.

पोकळपणाला इथे तांत्रिक कारणही आहे. भरीव, जाड मातीत ओल अडकून राहते, भट्टीत तिची वाफ होते आणि वस्तू फुटते. म्हणून मोठे मस्तक टिकवायचे तर ते आतून रिकामे ठेवावेच लागते. आव्यातले मडके का तडकले हे सांगताना आपल्याकडचा कुंभारही हेच सांगतो. तेरच्या दुहेरी साच्यातल्या मूर्ती आणि गढीतली मस्तके यांच्यात सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे, पण घडवणाऱ्यापुढचा पेच एकच होता. मातीकामाला केवळ हस्तकौशल्य समजून कलेच्या खालच्या पायरीवर बसवण्याची आपली सवय किती चुकीची आहे, हे यातून दिसते.

मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान त्यांना २००३ मध्ये मिळाला. तोवर ते जयपूरला स्थायिक झाले होते, आणि त्यांची मस्तके ब्राँझमध्येही ओतली जाऊ लागली होती. ब्राँझ पडले तरी फुटत नाही आणि संग्राहकांना ते अधिक भरवशाचे वाटते, हे खरेच. पण ओल्या मातीवर हत्याराने आणि हाताने ज्या खुणा केल्या होत्या, त्याच धातूतही उमटल्या आहेत, आणि त्या नसत्या तर या मस्तकांत फारसे काही उरले नसते, असे आमचे मत आहे. दिल्लीच्या किरण नाडर कला संग्रहालयाने त्यांच्या कामाचे सिंहावलोकन करणारे मोठे प्रदर्शन २०१६ मध्ये भरवले, तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले होते. एवढ्या मोठ्या कामाकडे एकत्रितपणे पाहायला इतका उशीर व्हावा, याची खंत वाटते. २ मार्च २०२५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, जयपूर येथे त्यांचे निधन झाले.