दुतोंड्या मारुती शोधणारा माणूस

मगाशी चहाच्या वेळी एकीने विचारलं, मॅडम, हे कीवर्ड, म्हणजे लोक ज्या शब्दांनी ऑनलाईन शोधतात ते, चित्राखाली टाकून खरंच कोणी चित्र बघायला येतं का. येतं. पण कोण येतं ते नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

माझंच सांगते. मी गोदावरीच्या पुराचं एक जलरंग केलं होतं, नाशिकच्या घाटावरचा दुतोंड्या मारुती छातीपर्यंत पाण्यात, मागे देवळं धूसर, पाणी चहासारखं गढूळ. नाव दिलं 'प्रवाह ३'. फाईलला कॅमेऱ्याने दिलेला नंबर तसाच, आणि खाली टॅग कुठले तर आर्ट, पेंटिंग, आर्टिस्ट. दीड वर्ष ते चित्र तसंच पडून होतं, ओळखीच्या चारजणांनी लाईक केलं तेवढंच. मग एकदा बसून नाव बदललं, नाशिक, गोदावरीचा पूर, दुतोंड्या मारुती, जलरंग, असं साधं लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे. काही महिन्यांनी परदेशातून एका माणसाचा मेसेज आला, वडील नाशिकचे, त्यांच्या खोलीत लावायला हेच शोधत होतो. आता बघा, त्याला चित्राची ओढ माझ्या टॅगमुळे लागली नाही, ती त्याच्या मनात आधीच होती, टॅगने फक्त माझं दार दाखवलं. 'प्रवाह ३' असं कोण कशाला शोधेल हो?

आणि आर्ट, पेंटिंग हे टॅग म्हणजे पंढरीच्या वारीत उभं राहून 'अहो माऊली' म्हणून हाक मारणं, सगळेच वळून बघतील नाहीतर कोणीच नाही.

पूर्वी वेबसाईटच्या कोडमध्ये लपवून कीवर्डची माळ लावायचे, गूगलने २००९ मध्येच जाहीर सांगितलं की कोणती साईट वर दाखवायची हे ठरवायला आम्ही तो लपवलेला मेटा टॅग वापरत नाही, तरी ते करून देतो म्हणून पैसे घेणारे अजून भेटतात, देऊ नका. इन्स्टाग्रामवर हॅशटॅग फॉलो करायची सोय होती, तीही २०२४ च्या शेवटी काढली, त्यामुळे नुसत्या हॅशटॅगवर भिस्त ठेवून उपयोग नाही. एत्सीसारख्या, हाताने केलेल्या वस्तू विकायच्या ऑनलाईन दुकानात मात्र गिऱ्हाईक शोधूनच येतं, तिथे १३ टॅग मिळतात, एकेक जास्तीत जास्त २० अक्षरांचा, तिथे एकही वाया घालवू नका. घेणारा कशासाठी घेतोय ते लिहा, वास्तुशांतीची भेट, देवघर, लहान मुलांची खोली.

स्पेलिंगचं पण आहे. वारली कोणी डब्ल्यूने लिहितं कोणी व्हीने, दोन्ही टाका.

वारलीवरून एक गोष्ट बोलते, मला ती फार लागते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्रांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, पालघरकडची माणसं तांदळाच्या पिठाने आजही काढतात, आणि ऑनलाईन शोधलं की आधी काय दिसतं तर मशीनवर छापलेले कॉफीचे मग आणि चादरी, वर 'हॅन्डमेड वारली' लिहिलेलं. शब्द खोटा असला तरी माणूस तिथेच पोचतो ना, आणि ज्याने हाताने काढलंय त्याच्यापर्यंत येतच नाही. म्हणून तुमच्यापैकी कोणी तसलं प्रिंट विकत असेल तर प्रिंट असंच लिहा, आणि जे खरंच हाताने काढतात त्यांनी गावाचं नाव, शेणमातीचा रंग, पीठ, बांबूची काडी, लग्नाचा चौक, सगळं लिहा, संकोच करू नका, ती जाहिरात नाही, ती माहिती आहे.

आता मोबाईल काढा. शेवटचं टाकलेलं चित्र उघडा आणि शेजारच्याला दाखवा, नाव झाकून. तो पहिल्यांदा जे बोलेल, 'अगं ही तर एसटी स्टँडवरची फुलवाली' किंवा काहीही, ते जसंच्या तसं लिहून घ्या. दहा मिनिटं देते, मग एकेकाचं वाचू.