पोच

परळमधील या चाळीतल्या खोलीला आजही गावाच्या नावाने ओळखतात. गिरण्या चालू होत्या तेव्हा एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष येथे राहत असत आणि पहिल्या पाळीहून परतलेला कामगार दुसऱ्या पाळीला गेलेल्याच्या जागेवर पाठ टेकत असे. भिंतीलगतच्या पत्र्याच्या ट्रंका एवढाच ज्याचा त्याचा संसार. जेवण खानावळीत महिन्याच्या हिशेबाने होई, आणि पगार झाला की खानावळवालीचे पैसे चुकते करून उरलेली रक्कम मनीऑर्डरने कोकणात रवाना होई.

टपाल खात्याने १८८० मध्ये सुरू केलेल्या या सेवेच्या फॉर्मवर निरोपासाठी चार ओळींची जागा असे. लिहिता न येणारा कामगार ती दुसऱ्याकडून भरून घेई आणि काही दिवसांनी बायकोच्या अंगठ्याचा ठसा उमटलेली पोच मुंबईला परत येई. रक्कम मिळाल्याचा तो पुरावा होताच, शिवाय घरचे माणूस हिंडतेफिरते असल्याची ती खबरही होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि या मनीऑर्डरी आटल्या. ज्या गावांना मुंबईने पोसले असे आपण म्हणतो, त्याच गावांतील भातशेतीच्या आधाराने अनेक संपकऱ्यांनी पुढचे दिवस काढले. हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

आज घरी धाडल्या जाणाऱ्या अशा पैशाचे मोजमाप जागतिक पातळीवर होते. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत स्थलांतरितांनी सुमारे ६५६ अब्ज डॉलर धाडले, म्हणजे या देशांना मिळालेल्या सरकारी विकास-मदतीहून कितीतरी अधिक. यांत पहिला क्रमांक भारताचा आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे केरळपेक्षाही किंचित जास्त, भरला. मनीऑर्डरला शंभर रुपयांमागे पाच रुपये कमिशन पडे. परदेशातून दोनशे डॉलर पाठवायला आजही जगात सरासरी सहा टक्क्यांहून अधिक खर्च येतो, जो २०३० पर्यंत तीन टक्क्यांखाली आणण्याचे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे.

परंतु कुर्ल्याहून बिहारला किंवा परळहून राजापूरला जाणारा पैसा देशाची सीमा ओलांडत नसल्याने या आकड्यांत येत नाही. एकाच गावच्या मुंबईकरांनी चालवलेल्या ग्रामस्थ मंडळाची वर्गणीही त्यांत नसते. अशी कित्येक मंडळे वरळीच्या धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदलेली आहेत. शाळेचे छप्पर, स्मशानभूमीची शेड, नळपाणी योजनेतील लोकवर्गणी अशी कामे या चाकरमान्यांच्या खिशातून उभी राहिली आहेत. घरखर्च आणि दान ही दोन खाती अभ्यासकांनी वेगळी केली; पाठवणाऱ्याच्या हिशेबात ती एकाच पगाराची दोन पाकिटे आहेत. अर्थात, या दानालाही आवडनिवड असते: देवळाच्या जीर्णोद्धाराला एका बैठकीत पैसे जमतात, शाळेच्या स्वच्छतागृहासाठी मात्र तीन बैठका घ्याव्या लागतात.

टपाल खात्याने जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद केली. आता मोबाइलवरून पैसे क्षणात जातात आणि अंगठ्याचा ठसा कोणी पाठवत नाही. या खोलीत मात्र रविवारच्या सभेत क्यूआर कोडवरून वर्गणी भरलेला सभासदही जागचा हलत नाही, कारण खजिनदाराने कार्बन घालून पावती फाडायची अजून बाकी असते.