रात्री शीळ घालू नये

[काळोख. लांबून एक शीळ. मध्येच तुटते.]

“दिवेलागणीनंतर शीळ घालू नकोस, साप येतो.” आजीचं हे दटावणं किती मराठी घरांनी ऐकलंय! उत्तर अमेरिकेतल्या कितीतरी आदिवासी घरांतही पोरांना हेच बजावतात. फक्त तिथे शीळ ऐकून येतो तो साप नसतो. २०२३ साली तिथल्या आदिवासी लेखकांच्या २६ कथांचं पुस्तक निघालं, त्याचं नावच ‘नेव्हर व्हिसल ॲट नाइट’.

प्रस्तावना भयकथाकार स्टीफन ग्रॅहम जोन्स यांची. ते अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या ब्लॅकफीट या आदिवासी जमातीचे.

[बर्फाने झाकलेला माळ.]

त्यांच्या ‘द ओन्ली गुड इंडियन्स’ या कादंबरीत (इथे इंडियन म्हणजे अमेरिकेतले आदिवासी) चार मित्र शिकारीला जातात, तेही वडीलधाऱ्यांसाठी राखलेल्या रानात. समोर एल्कचा कळप. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतलं, पण त्याहून थोराड हरीण. हे गोळ्या झाडत सुटतात. एक कोवळी मादी गोळी लागूनही पुन्हा उठू बघते. सोलताना कळतं, ती गाभण होती. तिचं काहीही वाया जाऊ देणार नाही, असं चौघांतला लुइस तिला वचन देतो.

आपला मुंजा बरा. पिंपळ टाळला की सुटलो. लुइस गाव सोडतो, गोऱ्या बायकोशी संसार थाटतो, टपाल खात्यात चिकटतो. दहा वर्षांनी एकदा घरात शिडीवर चढून दिवा दुरुस्त करताना, फिरत्या पंख्याच्या पात्यांतून त्याची नजर खाली जाते. दिवाणखान्यात तीच मादी पडलेली.

हॉलिवूडमध्ये घर झपाटतं, कारण म्हणे खाली इंडियनांची दफनभूमी असते. घर गोऱ्यांचं, भूत यांचं! जोन्स ही वाटणी मान्यच करत नाहीत.

[गोठलेली नदी.]

‘मेलेला इंडियन तोच चांगला’ हे वाक्य अमेरिकी लष्कराच्या जनरल शेरिडनच्या नावावर सांगतात. कादंबरीचं नाव त्यातलंच. याच शेरिडनच्या हुकमावरून निघालेल्या फौजेने २३ जानेवारी १८७० रोजी मोंटानातल्या मारायस नदीकाठची ब्लॅकफीट वस्ती कापून काढली. सुमारे दोनशे माणसं. बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. वस्तीत देवीची साथ होती. हेवी रनर हा मुखिया सरकारनेच दिलेला सलोख्याचा कागद हातात धरून पुढे आला. त्यालाही गोळी घातली.

त्या कत्तलीभोवती जोन्स यांनी २०२५ मध्ये ‘द बफेलो हंटर हंटर’ ही कादंबरी रचली. नायक रक्तपिपासू, ब्लॅकफीट. ज्याचं रक्त प्यावं, तसाच तो होत जातो. सूड म्हणून गोऱ्यांचं प्यायला तर गोरा होईल. ब्लॅकफीट राहायचं, तर आपल्याच माणसांचं प्यावं लागेल.

[शीळ. या वेळी जवळून.]