घट्ट धर की रं!

(दृश्य: पहाट. तालमीचा हौदा. एक पैलवान फावड्यानं माती उकरतोय.)

कोल्हापूर. तांबड्या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू मुरलंय. कठड्यावरून वस्ताद ओरडतात, "घट्ट धर की रं!"

(दृश्य: वस्तादांचं तोंड, अगदी जवळून, संथ गतीत.)

पुन्हा बघू, सावकाश. 'घट्ट' म्हणताना जीभ टाळूला चिकटली. आत हवा तुंबली. या क्षणात ऐकू काहीच येत नाही, तरी कान नेमका तोच क्षण मोजतो. मग जीभ सुटते. एकेरी 'ट'च्या साधारण दीडपट-दुप्पट हा थांबा. तो आखडता घेतला, तर उरतो 'घट'. म्हणजे घागर, नाहीतर तूट.

(दृश्य: मातीत रुतलेलं फावडं.)

हे फावडं इटलीत 'पाला'. 'ल' धरून ठेवला की 'पाल्ला', म्हणजे चेंडू. फिनलंडमध्ये 'तुली' आग आणि 'तुल्ली' जकात. जपानीत 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे टपालाचं तिकीट. या थांब्यासाठी त्यांच्या लिपीत एक बुटकं अक्षरच आहे. कोरियन तर तिहेरी डाव टाकते: 'ताल' चंद्र, 'थाल' मुखवटा, आणि घसा आवळून काढलेला 'त्ताल' म्हणजे मुलगी. तिथं अर्थ ठरवतो तो घशाचा जोर.

(दृश्य: पोरं जोर मारतायत, मोजतायत.)

पाच, सहा, सात... संस्कृत 'सप्त'चं प्राकृतात 'सत्त' झालं. मराठीत त्याची पकड सैल पडली आणि स्वर ताणला गेला: 'सात'. तसंच हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. पंजाबी अजून सत्त, हत्थ, कम्मच म्हणते. आपलंही सगळं सुटलेलं नाही. जोर सत्तरावर पोचू देत, तो जुना 'त्त' तोंडात हजर!

(दृश्य: खानावळ. तांबड्या रश्श्याचा तवंग.)

उसाचा रस, मटणाचा रस्सा. वाढणाऱ्या मावशी "मोठ्ठा वाडगा आण" म्हणतात. वाडगा तोच असतो, पण भूक वाढते. आणि अण्णा, अक्का, अप्पा या हाका शेजारच्या कानडीच्या. कर्नाटकची हद्द इथून फार लांब नाही.

या बोलीला रांगडी म्हणतात. शहरात मुलाखतीला जाताना पोरं 'मोठ्ठं' घरीच ठेवून जातात.

(दृश्य: हौदा. कुस्ती रंगात आलीय.)

वस्तादांचा आवाज चढलाय. 'ट्ट' आता मघापेक्षाही लांबलाय.

(पुढे निवेदन नाही.)