सावलीतलं अळू

हे पान बघा. रात्री पाऊस होऊन गेलाय, थेंब पानावर नुसता घरंगळतोय आणि पान कोरडंच्या कोरडं. पानावर मेणासारखा थर असतो ना, म्हणून. अळवावरचं पाणी म्हणतात ते हेच.

हे बडोदं, दांडिया बाजारातल्या एका जुन्या मराठी वाड्याचं परसदार. दक्षिणेला उंच भिंत, वर शेजारचा आंबा, ऊन येतं ते सकाळी जेमतेम तीन तास, आणि माती कायम ओली. काकूंनी इथे आधी टोमॅटो लावले, मिरची लावली, झाडं नुसती उंच गेली, फळ धरेना, कारण फळभाजीला रोजचं सहा-आठ तास ऊन लागतंच. पालेभाजीचं तसं नाही, आणि अळूला तर ही ओल आणि ही सावलीच हवी असते, पान मोठं आणि कोवळं होतं.

हे कंद पावसाच्या आधी लावलेले, चार बोटं खोल, हातभर अंतरावर, खाली शेणखत आणि वर आंब्याचाच पालापाचोळा. कडेला हळद आणि आलं आहे, त्यांना सावली चालते पण पाणी साचलं की कंद कुजतो, म्हणून तेवढा वाफा वीतभर उंच केलाय. आणि हे गोणपाट! रात्री ओलं करून ठेवायचं आणि सकाळी उलटायचं, बघा, सगळ्या गोगलगायी इथे गोळा. औषध काही मारायचं नाही.

पलीकडच्या परसात गेल्या वर्षी पेव्हर, म्हणजे सिमेंटचे फरशीसारखे ठोकळे घातले, पाणी तिथे मुरत नाही, म्हणून तिथलं पावसाचं पाणी आता इकडे येतं.

आज ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं आज खायचं नाही, परसातलंच हवं, म्हणून काकू पहाटेच विळी घेऊन आल्यात. काळ्या देठाचं वडीला, हिरव्या देठाचं भाजीला, मधली दोन-तीन कोवळी पानं मात्र ठेवायचीच, नाहीतर कंद थकतो. हाताला तेल लावलंय, कारण अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात, तेच खाजवतात, म्हणून तर भाजीत चिंच आणि भरपूर शिजवणं.

ही आठ मोठी पानं वेगळी काढलीत. ती भिंतीवरून पलीकडे जातील, गुजराती शेजारणीकडे, आणि संध्याकाळी पातरा, म्हणजे त्यांची अळुवडी होऊन परत येतील.